तातडीचा रकाना

चूक माझीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायला नको.

एका इस्पितळाच्या ऑपरेशनांची प्रतीक्षायादी आमची कंपनी सांभाळते. पायथन या संगणकभाषेत केलेलं काम. पडद्यावर पेशंटांचा तक्ता, ओळीवर क्लिक केलं की दुरुस्तीचा फॉर्म. त्यात 'तातडीचा' म्हणून टिक करायचा चौकोन होता. डॉक्टरांनी टिक केली की पेशंट यादीत वर सरकायचा. पण काउंटरवरचे कारकून ओळखीपाळखीच्यांना टिक मारायला लागले, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "काउंटरच्या फॉर्ममधून तो चौकोन काढून टाक. आजच्या आज."

काढला. म्हणजे दिसतो त्या पानावरून काढला. मागच्या पायथनच्या कोडमध्ये तो तसाच राहिला. आता हे नवशिक्यालाही ठाऊक असतं: पानावर चौकोनच नसला की ब्राउझर त्याबद्दल काहीच पाठवत नाही, आणि काहीच आलं नाही की फॉर्म त्याचा अर्थ 'नाही' असा घेतो. काउंटरवर कोणी पेशंटचा नुसता फोन नंबर बदलला, तरी सेव्ह करताना तातडी गुपचूप पुसली जायची. बारा वर्षं हेच काम करतेय मी! अक्कल गहाण टाकली होती का?

माझा दादाही त्याच यादीत होता. हृदयाची झडप बदलायची होती, नंबर तिसरा. दोन पायऱ्या चढला की भिंत धरून उभा राहायचा. तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "ताई, काल इथे नवा पत्ता दिला, आणि आज ह्यांचा नंबर एकशेबारावा सांगतायत. असं कसं हो?"

दहा मिनिटांत चूक सापडली. मी पहिलं काय केलं असेल? डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये दादाची ओळ उघडून टिक केली. फॉर्म नंतर दुरुस्त केला. मग बाकीच्यांचं बघायला गेले, तर तीन आठवड्यांत एकशे नव्वद ओळी बदललेल्या. नोंदीत ओळ कोणी, कधी बदलली एवढंच असतं; आधी टिक होती का, ते नाही. त्यांतल्या कोणाची तातडी गेली, हे डॉक्टरच कागद काढून सांगू शकले असते.

"इस्पितळाला आजच कळवायला हवं," मी साहेबांना म्हणाले.

त्यांनी बदलांची नोंद उघडली. "कळव की. पण मग ते ही ओळही बघतील. टिक तुझ्या नावाने, पेशंटचं आडनाव तुझंच. चौकशी संपेपर्यंत ऑपरेशन थांबवतील त्याचं." चष्मा पुसत म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

अहो, टिक दादाच्या हक्काची होती! पण ती डॉक्टरांनी परत द्यायची होती, मी नाही. पत्र दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. ऑपरेशन होऊ दे, मग पाठवू, असं म्हणून गप्प बसले.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. दादा वाचला. त्याला भेटायला गेले, तर वहिनी वॉर्डबाहेरच्या बाकावर एका बाईला सांगत होती, "ह्याच आमच्या ताई. यांनी लक्ष घातलं म्हणून नंबर लागला, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं."

बाईच्या मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी होती. "आमचे हे पाचवे होते," ती म्हणाली. "फोन नंबर बदलायला गेलो आणि कुठे मागे पडले, कळलंच नाही. आज सकाळी गेले." मग तिने माझा हात हातात घेतला. "नशीबवान भाऊ तुमचा. देव तुमचं भलं करो."