भरल्या पोटाची आडकाठी

सापाचे पिल्लू न्यायला येतो, असा डेल्मरचा फोन येऊन गेला, आणि जेवणाचा वार नसतानाही आर्डिथने त्या पिल्लाला उंदराचे एक इवले, डोळे न उघडलेले पोर भरवले. हे तिने त्याची भूक पाहून केले नव्हते. गिळलेले पचेपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाच्या पिल्लाला हात लावायचा नाही, हा नियम त्या मुलखातल्या प्रत्येक साप पाळणाऱ्याला मान्य होता. आणि दिराला दारातूनच परत धाडण्यासाठी याहून सभ्य सबब तिला सुचली नाही.

तिचा नवरा क्लेव्ह आणि त्याचा धाकटा भाऊ डेल्मर यांनी मागच्या शेडमध्ये सापांचा हा वंश मिळून वाढवला होता. पुढे दोघांचे फाटले. वसंतात क्लेव्ह गेला, अखेरची अंडी घालून म्हातारी मादीही गेली, आणि त्या अंड्यांतून एकच जीव बाहेर आला. तो पेन्सिलीहून जाड नव्हता. कित्येक आठवडे त्याने अन्नाला तोंड लावले नाही. शेवटी आर्डिथने व्हरांड्यातली पाल पकडून वास लागावा म्हणून ती उंदराच्या एका पोराला चोळली, तेव्हा कुठे त्याने पहिला घास घेतला. म्हणून ते आपले, असे ती मानत होती. वंश निम्मा माझा, असे डेल्मर म्हणत होता.

डेल्मर आला तो भलीमोठी काचेची पेटी कवटाळून. उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी त्याच्या मनगटाला लटकत होती.

"वहिनी, पिल्लू दे. मी निघतो."

"आज नाही मिळायचं. आत्ताच जेवलंय. परवा ये."

"आत्ताच? म्हणजे माझ्या फोननंतर?"

"भूक लागली होती त्याला."

"तुझ्या आईनं तुला धड खोटं बोलायलाही शिकवलं नाही."

"आणि तुझ्या आईनं तुला दारात बूट पुसायला! हे काय धूड आणलंस?"

"घर आहे त्याचं. तुझ्यासारखं भाजीच्या डब्यात कोंबणार नाही मी."

"बोटभर जीव तो. त्या उघड्या काचेत दिवसभर भेदरून बसेल, आणि पुन्हा खाणं सोडेल."

"तुला विचारलं कुणी?"

बोलता बोलता डेल्मरने पेटी दारात टेकवली आणि आत येऊन फळीवरच्या डब्याची कडी उघडली. लाकडाच्या भुशात पुठ्ठ्याची नळी होती आणि नळीत पिल्लू. शेंगांच्या खारट पाण्याने ओली झालेली बोटे त्याने वरून आत घातली आणि पिल्लू उचलले.

"डेल्मर, ठेव ते! पोट बघ त्याचं!"

"बघितलं. तूच भरलंयस ना?"

पिल्लाची शेपटी थरथरू लागली. त्याने एक वेढा घेतला, मान ताणली, जबडा वासला, आणि मघाचा घास डेल्मरच्या तळहातावर ओकला.

आर्डिथला संताप आला. परंतु ते पोट अवेळी भरणारा हात आपलाच होता, हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही.

"वाया गेलं," डेल्मर पिल्लू डब्यात सोडत म्हणाला. "बरं. घरी गेलो की दुसरं देतो."

ओकलेल्या पोटाला विसावा हवा असतो. लगेच भरवले तर ते पुन्हा ओकते, आणि एवढासा जीव त्या दुसऱ्या ओकारीतून सहसा वाचत नाही.

"दहा दिवस काही देऊ नकोस. मरेल ते."

डेल्मर हसला. "दोन दिवस चालले नाहीत, म्हणून आता दहा? भाव बरा वाढवतेस!"

"क्लेव्हची शपथ."

"मेलेल्याला मध्ये आणू नकोस."

आपल्याच युक्तीने आपला शब्द कवडीमोल झाला, हे आर्डिथला कळून चुकले. तिने वाद थांबवला. डब्याखालची ऊब देणारी विजेची पट्टी सोडवली, तिची वायर गुंडाळली, झाकण घट्ट बसवले आणि सगळे त्याच्या हातात कोंबले.

"ने. परवा मागणार नाही, कधीच मागणार नाही. तुझं झालं ते. आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे, सांग?"

डेल्मर डब्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, निव्वळ तिरस्कार होता. त्यामुळेच बहुधा त्याचा विश्वास बसला.

"दहा दिवस?" त्याने हळू विचारले.

"फक्त पाणी. हात लावायचा नाही. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्यायचं. आणि याच डब्यात ठेवायचं."

"मेलं तर तुझं नाव घेईन."

"जगलं तरी सांगायला येऊ नकोस. ती काच उचल माझ्या दारातून."

पेटी त्याने गाडीत मागे टाकली, डबा शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधला. वाटेवरचे खड्डे चुकवत गाडी अगदी सावकाश गेली. आर्डिथ पाहत होती. तो इतक्या जपून गाडी हाकतो आहे, याचाही तिला राग आला.