ट्राउडीचं कुलूपबंद पत्र

गुडरून बाहत्तर वर्षांची, नवरा योखेन गेल्यापासून लाइपझिगला एकटी राहायची. धाकटी बहीण इर्मट्राउड, म्हणजे ट्राउडी, हॅम्बुर्गला. मधे पूर्व आणि पश्चिम जर्मनीची भिंत होती तेव्हा दोघींची पत्रं पूर्वेकडचे, म्हणजे गुडरूनच्या बाजूचे, गुप्त पोलीस वाफेवर उघडून वाचायचे. म्हणून पत्रात हवापाणी आणि मुलांचे दात, एवढंच. भिंत पडून तीस वर्षं झाली तरी ती सवय सुटली नव्हती.

मागच्या आठवड्यात मात्र ट्राउडीचा मेल आला, "एक सांगायचंय. फोनवर तोंडातून निघत नाही, आणि उघड्या मेलमध्ये लिहिणार नाही. मी कुलूपबंद मेल शिकलेय. तूही शीक."

शनिवारी गुडरूनची मुलगी आन्त्ये लॅपटॉप घेऊन बसली.

"प्रोग्रॅमने तुझ्या दोन किल्ल्या केल्यात, आई. एक तुझ्याजवळ. दुसरी सार्वजनिक सर्व्हरवर टाकू, म्हणजे मावशी तुझ्या पत्त्यावरून ती शोधेल."

"चारचौघांत किल्ली टांगायची?"

"तिने कुलूप फक्त लागतं. उघडतं तुझ्याजवळच्या किल्लीने."

परवलीचं वाक्य टाकताना गुडरूनने मुलीला खिडकीकडे तोंड करायला लावलं. सर्व्हरकडून खात्री करणारा मेल आला, तिने होकार दिला आणि शोधल्यावर तिचं नाव दिसू लागलं. नाव यादीत असणं तिच्या पिढीला कधी मानवलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "राहू दे नाव तिथे."

ट्राउडीला मिळालेली किल्ली आपलीच आहे ना, हे ताडून बघायला गुडरूनने तिला फोन लावला आणि किल्लीच्या ओळखीचे आकडे नि अक्षरं वाचायला लागली.

"सात, ए, चार, चार..."

"हळू गं ताई. चष्मा सापडत नाही."

"नाकावर बघ."

"हो, आहे."

तासाभरात पत्र आलं. आन्त्ये स्वयंपाकघरात कॉफी करत होती.

'अठ्ठ्याहत्तर साली मी तुला पत्रात लिहून बसले, की योखेनला इकडे पश्चिमेत यायचंय. मग त्याची शाळेतली नोकरी गेली. माझ्यामुळे. त्याला माती दिली तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही, ते म्हणून.'

गुडरूनने ते दोनदा वाचलं. मग एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

'ट्राउडी, त्र्याण्णव साली आम्ही गुप्त पोलिसांकडची आमची फाइल वाचली. तुझं पत्र त्यात होतं. योखेन म्हणाला, तिला सांगू नको, जिवाला लावून घेईल. शाळा सुटल्याचं त्याला फार लागलं, खोटं कशाला सांगू. पण बेकरीत लागल्यावर तो दुपारी घरी असायचा. आन्त्येला पोहायला त्यानेच शिकवलं. तुझ्यावर राग नव्हता. तुला सांगितलं नाही, हे आमचं चुकलं.'

"काय म्हणतेय मावशी?" आन्त्येने कप ठेवत विचारलं.

"ते आमच्या दोघींचं आहे," गुडरून म्हणाली आणि डोळे पुसले.

मंगळवारी ट्राउडी येणार होती, तर गुडरून अर्धा तास आधीच स्टेशनवर जाऊन उभी राहिली. ट्राउडी उतरली, समोर आली. गुडरूनने तिला जवळ घेतलं.

"चल," ती म्हणाली, "आधी योखेनकडे जाऊ."