पावणेपाचचं भूत

सकाळी दहाला गावच्या सहकारी संस्थेच्या दारात दीडशे माणसं उभी होती आणि सगळ्यांची नजर एका निळ्या पडद्यावर खिळली होती. आली होती चारा छावणीच्या पावत्या घ्यायला, पण पावती विसरून हात जोडून राहिली होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि खाली हळूहळू सरकणारी पिवळी पट्टी. कॉम्प्युटरच्या डोक्यावर लिंबू-मिरच्या, काचेला कुंकू.

"निळा रंग कशाचा? विषाचा," शहादेव महाराज सांगत होते. "आणि पिवळं सरकतंय ती हळद. अंगाला हळद लागलेली असताना गेलेली बाई या डब्यात शिरली आहे."

एवढं मोठं गाव सोडून ती बाई सेकंडहँड कॉम्प्युटरमध्ये कशाला शिरेल, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी संस्थेचा कारकून, रोज त्याच यंत्रासमोर बसणारा.

उमापूरच्या अलीकडे आमचं गाव. साल २००३, पाऊस पुन्हा पाठ फिरवून गेलेला. छावणी संस्थेकडे होती, प्रत्येक जनावराची नोंद कॉम्प्युटरात, आणि तिथून पावती निघाल्याशिवाय चारा मिळत नसे. रोज संध्याकाळी पावणेपाचला यंत्र अचानक बंद पडायचं आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताच निळं व्हायचं. समोरची गिरणी मात्र पावणेपाचलाही चालूच असे, म्हणजे गावची वीज गेलेली नसायची. म्हणून मी चेअरमन भगवानरावांना सुचवलं, की वायरमनला बोलावू या. ते बघतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी वायरमनऐवजी महाराज आले.

महाराजांनी पहिल्याच बैठकीत बायनाबाईचं नाव घेतलं. ती ऑफिस झाडायची. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच ट्रॅक्टरखाली सापडला होता. घरात ती आणि एक गाय. तिच्या हाताचा दोष यंत्राला लागला, म्हणे. दोष वेगळाच होता. चार दिवस आधी ती मला म्हणाली होती, "साहेब, मागल्या भितीतून काळी वायर गेलीया. तुमी बघा एकदा." मी बघितलं नाही. उलट शहाणपणा करून तिचं ते बोलणं चेअरमनांच्या कानावर घातलं.

तिचं काम गेलं आणि गाय छावणीबाहेर निघाली. यादीतून गाईची नोंद मीच काढली, माझ्या या बोटांनी. ती गेल्यावरही पडदा निळा व्हायचा थांबला नाही, तेव्हा महाराज म्हणाले की दोष खोलवर मुरला आहे. मंगळवारी साडेचारला ऑफिसात पूजा झाली आणि बुधवारी पडदा स्वच्छ निघाला. पुढच्या मंगळवारीही तसंच. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, मग काय विचारता! जनावराला पेंड घ्यायला पैसे नव्हते, पण कोपऱ्यात नारळांचा ढीग लागला.

ती दीडशे माणसांची सकाळ, पडदा पहिल्यांदा निळा झाल्यापासून विसाव्या दिवसाची. रामहरी गुरुजी शाळेच्या टँकरसाठी अर्ज टाइप करून घ्यायला आले. गर्दीतून पुढं होऊन त्यांनी पडदा वाचला आणि माझ्याकडं वळले.

"राधाकिशन, तू गेवराईला कॉम्प्युटरचा कोर्स केलास ना? वाच मोठ्यानं. मराठीत सांग."

चेअरमन माझ्याकडं बघत होते. तरी मी वाचलं. "'मला नीट बंद केलेलं नव्हतं. डिस्कवर चुका राहिल्या असतील, त्या तपासतोय.' एवढंच लिहिलंय."

मग गुरुजींनी वर्गात सांगावं तसं समजावलं. यंत्र सुरू होताना आत एक खूण करून ठेवतं. रीतसर बंद केलं की जाताना ती पुसतं. मधेच वीज तुटली तर पुसायला वेळच मिळत नाही. पुढच्या वेळी ती खूण तशीच दिसली, की त्याला कळतं आपल्याला अर्ध्यात पाडलं होतं. त्यांनी मला यंत्र रीतसर बंद करून सुरू करायला लावलं. पडदा निळा झाला नाही. मग स्वतः पिन उपसली, परत लावली. पडदा निळा.

"पिन मी उपसली, महाराज. बाई शिरली कधी?"

महाराज पुटपुटले की दिवसाची बाधा वेगळी असते. कुणीतरी हसलं. गुरुजींनी लोकांना विचारलं, मग रोज पावणेपाचला इथली वीज कोण तोडतं? मागून बायनाबाईचाच आवाज आला.

"साडेचारला टँकर येतो. समदं गाव तिकडं पळतंय. मी हितं झाडीत असायची. तवा मागं मोटार वाजती."

सगळे मागं गेले. कडब्याखालून काळी वायर निघाली, ती थेट चेअरमनांच्या बोअरपर्यंत. गाव टँकरखाली घागरींसाठी भांडत असताना त्यांच्या मोसंबीला संस्थेच्या विजेवर पाणी चाललं होतं. मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि यंत्र बंद व्हायचं. मोटार ते स्वतःच सुरू करत, गड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मंगळवारी चेअरमन इथं पूजेला हात जोडून बसलेले, म्हणून बुधवारी पडदा स्वच्छ. चमत्कार तो एवढाच.

आता गाव पेटून उठलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. प्रत्येकाचं जनावर छावणीत होतं आणि छावणी चेअरमनांच्या हातात. माणसं माना खाली घालून परत रांगेत आली. महाराज दुपारच्या एसटीनं गेले, नारळ घेऊन. चेअरमन म्हणाले वायर काढून घेतो, आणि मला म्हणाले, बाईची गाय घाल यादीत.

मी नोंद करायला बसलो. बायनाबाई टेबलाशी आली.

"नका घालू," ती म्हणाली. "शनवारीच मेली ती."

मी अडाणी नव्हतो. त्या पडद्यावरचं इंग्रजी मला पहिल्या दिवशीच वाचता येत होतं, आणि कोर्समध्ये त्याचं कारणही शिकवलं होतं. म्हणून सांगतो, काही अजब दिसलं तर हात जोडण्याआधी तिथं काय लिहिलंय ते वाचा, वायर कुठं जाते ते बघा. आणि कळलं असेल तर त्याच दिवशी मोठ्यानं बोला. मी वीस दिवस थांबलो. गाईला तेवढं थांबता आलं नाही.