जास्मिनच्या चित्रातली कळलावी

पुणतांब्याच्या छबूबाईंच्या घरात आठ महिने भांडण म्हणून झालं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना घोर लागला होता. थोरली सून ज्ञानेश्वरी आणि धाकटी सृष्टी, दोघी जावा एकाच ओट्यावर राबायच्या, पण एकमेकींशी अक्षर बोलायच्या नाहीत. मीठ संपलं तरी निरोप सासूमार्फत. आता तर दिवाळीनंतर चुली वेगळ्या करायचं घाटत होतं. का, ते एकीच्याही तोंडून निघेना. छबूबाईंनी गोडीनं विचारलं, दमात घेऊन विचारलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशात धाकट्या लेकानं, सृष्टीच्या नवऱ्यानं, पार्थनं नगरच्या प्रदर्शनातून एक चित्र आणलं, भिंगारच्या जास्मिन नावाच्या बाईनं केलेलं. चित्र कसलं, लुगड्याच्या चिंध्या, पितळी तार, कागदाचा लगदा आणि त्यात चिकटवलेली खरीखुरी वाळली फुलं. मागं कागद डकवलेला. तो पार्थनं वाचून दाखवला. झेंडू म्हणजे सण, जुई म्हणजे आठवण, पांढरी शेवंती म्हणजे निरोप. मधल्या लालपिवळ्या फुलाचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. डोंगरावर सापडलं, अर्थ तुम्हीच लावा, असं तिनं लिहिलं होतं.

छबूबाईंनी निरखून पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. अगं बाई, ही तर कळलावी! घरात आणली की भांडणं पेटतात, म्हणून त्यांची आई हिला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. दुसरी कुणी असती तर चित्र उकिरड्यावर गेलं असतं. पण छबूबाई पडल्या चौकस. खरंच पेटतात का, बघू तरी! त्यांनी ते ओट्यासमोरच टांगायला लावलं.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीचं त्या फुलाकडं लक्ष गेलं, तिनंही कळलावी ओळखली. हे अवलक्षण कुणी आणलं, म्हणून ती कडाडली. बोल नवऱ्यावर आलेला पाहून सृष्टी थेट तिच्याकडं वळली, आणि मग काय विचारता! उणीदुणी निघाली, माहेरं निघाली. छबूबाई दाराआड कान देऊन उभ्या, आणि खोटं कशाला बोला, मनातून खूश.

"माझी आई गेली तवा सगळा गाव मातीला आला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तू दार लावून झोपलीस."

सृष्टीनं आवाज खाली आणला. "ताई, त्या दिवशी माझं पोट पडलं. तिसरा महिना होता. तुमच्यावर आभाळ कोसळलेलं, त्यात माझं कुठं सांगू? यांनाही नाही सांगितलं. आणि माहेराहून परत आल्यावर तुम्ही, दार का लावलं होतंस, हे एकदाही विचारलं नाही."

छबूबाईंचं हसू जागीच विरलं. एका छपराखाली राहून आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना लाज वाटली.

आत ज्ञानेश्वरीनं पिठाच्या हातांनीच सृष्टीला जवळ ओढलं.

"येडे, आई गेल्यावर रडायला मी तुलाच शोधत हुते गं."