जाळीतला काथ्या

माझ्या लेकीचं, शालनचं, नाव ठेवायचं होतं त्याच सकाळी लोडर पुन्हा अडला. साल अडुसष्ट, डिसेंबरचा शेवट. वडिवळ्याच्या वाटेवरच्या दगडखाणीत मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरचा पत्रा दवानं ओला होता आणि हौशीराम सीटवरून ओरडत होता.

"आला बगा मिस्त्री! लेकीचा बाप झाला, आता उन्हं वर आल्यावरच उगवायचा."

हौशीराम लोडर चालवायचा. ट्रॅक्टरच्या पुढं दोन लोखंडी हात, त्यांना बकेट; तेलाच्या दाबानं ती वर जायची. आठ दिवस ती सकाळी उचलतच नव्हती. ऊन तापलं की उचलायची. महिन्यापूर्वी पंपाची सीलं मी बदलली होती, म्हणून सगळ्यांचं बोट माझ्याकडं.

"पंपाची वाट तू लावलीस, श्रीपती," सुपरवायझर साहेब म्हणाले. मफलर गुंडाळून ते शेकोटीपाशी उभे होते. "ऑफिसला मी तसं कळवलंय. आज चालू झाला नाही, तर उद्या येऊ नकोस."

"सायेब, दर अमुशाला आमी मशिनीवर नारळ फोडतो, तवा हा लांब उबा ऱ्हातो," हौशीराम म्हणाला. "बौद्ध झाले आन् यांनी देव सोडले. मशीन रुसनार न्हाई तर काय?"

"मग दुपारी माजा इटाळ जातो व्हय रं?" मी म्हणालो. "दुपारी कशी उचलती?"

तो खाली थुंकला.

मी इंजिन चालू करायला लावलं. पंप किंचाळत होता. असा आवाज पंप मोडल्याचा नसतो. त्याला तेल पोचत नाही, म्हणून तो हवा ओढतो. टाकीत तेल पुरेसं होतं. पाइप कुठं गळत नव्हता.

"रिलीफचा स्क्रू आवळ की," साहेब म्हणाले. "दाब वाढेल."

"दाब नगं तितका वाढला तर त्यो स्क्रू तेल माघारी सोडतो, सायेब. आवळला तर पाइप फुटंल, आन् बकेट कुनाच्या तरी डोस्क्यावर येईल."

शेकोटीवर पाणी तापत होतं. त्यात गोणपाटं बुडवून मी टाकीभोवती गुंडाळली. तीनदा बदलली. हातांची कातडी सोलली. पंपाचा आवाज खाली आला आणि बकेट हळूहळू कमरेएवढी उठली.

म्हणजे थंडीनं घट्ट झालेलं तेल कुठंतरी अडत होतं. बकेट जमिनीला टेकवून मी इंजिन बंद करायला लावलं आणि टाकी डब्यात रिकामी केली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. त्यात पाणी होतं. पंपाकडं तेल जातं तिथली जाळी हातात आली, तर तिच्यावर नारळाचा काथ्या थापल्यासारखा बसलेला. त्यात कुंकू.

टाकीच्या झाकणावरच हौशीराम नारळ फोडायचा. झाकणाखालचं रबर कधीच गेलं होतं. पाणी आत झिरपायचं. तेल घालायला झाकण उघडलं की बाजूचा काथ्या आत पडायचा.

मी जाळी साहेबांपुढं धरली. ते नारळ दर अमावस्येला साहेबच आणायचे आणि हात जोडून पुढं उभे राहायचे. त्यांनी बोटांनी काथ्या खरवडला आणि शेकोटीत टाकला.

"जाळी धू. नवं तेल घाल," ते म्हणाले.

हौशीराम बघत होता. 

बारा वाजता गार तेलावर बकेट एका दमात वर गेली. साहेबांनी खिशातून कागद काढला.

"हजेरीचा आहे. अंगठा दे आणि घरी जा."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. हौशीराम चौथी शिकलेला. मी कागद त्याच्याकडं केला.

"वाच."

"मी कशाला वाचू?"

"तुज्या देवाची आन हाय तुला. वाच."

त्यानं साहेबांकडं बघितलं. मग एकेक अक्षर लावत वाचलं, "पंप माझ्या हयगयीनं बिघडला. मी आपखुशीनं काम सोडत आहे."

"तुला कुणी विचारलं होतं रे?" साहेब ओरडले.

हौशीरामनं कागद त्यांच्या हातात दिला आणि लोडरवर जाऊन बसला. माझ्याकडं बघितलं नाही.

मी अंगठा दिला नाही. पाने पोत्यात भरले आणि कामशेतच्या वाटेला लागलो. काम गेलं ते गेलंच. आठवड्याभरात, कागद वाचला म्हणून हौशीरामलाही काढल्याचं कानावर आलं.

त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. कामशेतच्या बाजारात तो दिसला की मी रस्ता बदलायचो. तोही बदलायचा.

हौशीराम शहात्तर साली माघ महिन्यात वारला. मी मातीला गेलो होतो.