ठरलेला शब्द

विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाची खोली कँटीनच्या बरोबर वर होती. त्यामुळे तेथे घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक निर्णयाला तळणाचा वास लागलेला असे. खिडकी उघडावी तर खालचा गोंगाट वर येई, मिटावी तर वास आतच मुक्काम ठोकी. त्या वर्षी या खोलीत पाच जण एक कार्यक्रम घडवण्यास बसले होते. निरनिराळ्या मंडळांवर निवडून आलेल्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या साहाय्याने नेतृत्व कसे करावे हे शिकवायचे, आणि शिकवणारेही प्राध्यापक नव्हेत तर विद्यार्थीच असायचे, अशी ती योजना होती.

पाचांपैकी एक म्हणजे विभागाच्या बाई. बाई मनाने निर्मळ होत्या. आपण कोणाचे वाईट करू शकतो ही कल्पनाच त्यांना कधी शिवली नव्हती. दुसरा क्रीडामंडळाचा कप्तान, ज्याचे हसणे त्याच्या आधी खोलीत शिरे. तिसरी ग्रंथालय मंडळाची मुलगी; तिला सगळे चष्मा म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. उरलेले दोघे मामे-आतेभाऊ. मामाच्या मुलाला सारे विद्यापीठ पंडित म्हणून ओळखी. आत्याच्या मुलाला मात्र स्वतःचे असे टोपणनाव नव्हते. घरी तो भाचा होता आणि बाहेर पंडिताचा भाऊ.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, "कार्यक्रम तयार झाला की आधी स्वतःवर करून बघायचा. मग तुमच्यातला एक मुख्य प्रशिक्षक. तो सगळ्या महाविद्यालयांत जाईल. आणि पदवी झाली की इथेच, या विभागात, कायमची जागा. वरून मंजुरी आलीय."

कप्तानाला नोकरीपेक्षा मैदान प्रिय होते आणि चष्म्याला पुढे शिकायचे होते. म्हणजे जागा एक, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेले भाऊ दोन. त्यातही पंडिताचीच निवड होणार हे सर्वांनी मनोमन धरलेले होते. तो बोलू लागला की माणसे हातातले काम खाली ठेवीत. दुसऱ्यांना जेथे एक घासलेला शब्द सुचे, तेथे हा असा काही शब्द काढी की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. टीका ऐकून घेण्याच्या सत्राला बाई 'आरसा' म्हणणार होत्या. पंडित म्हणाला, "दर्पण म्हणू या का?" आणि सर्वांना ते इतके भावले की सत्राचे नाव दर्पणच पडले.

पंडिताला 'दर्पण' का सुचले, हे त्या खोलीत केवळ भाच्याला ठाऊक होते.

पंडिताच्या जिभेला 'आ' चालत नसे. वाक्याच्या मध्ये आला तर मागच्या शब्दाच्या पाठीवर बसून तो कसाबसा पार होई. परंतु वाक्याच्या तोंडाशीच 'आ' उभा राहिला की गळा आवळल्यासारखा होई. लहानपणी ते सर्वांना दिसे. पुढे दिसेनासे झाले, आणि मामी येईल त्याला सांगू लागली, "मोठा झाला तसं गेलं हो त्याचं अडखळणं." वस्तुतः गेले काहीच नव्हते. ते फक्त झाकले गेले होते, आणि झाकणारा होता भाचा. दोघांची खोली एक, शाळेची वाट एक. त्या वाटेवर भाचा त्याला शब्द शोधून देई. 'आजारी' अडला तर 'बरं नाही'. 'आम्ही' अडला तर 'सगळे मिळून'. आणि सर्वांत अवघड जो अडला, तो तर हाकेचाच शब्द, म्हणजे वाक्याच्या तोंडाशी बसलेला. त्यासाठी भाच्याने 'मातोश्री' काढून दिला. पोरगा थट्टेने मातोश्री म्हणतो, म्हणून मामी कौतुकाने हसे. भाच्याची स्वतःची आई तो चालायला लागण्यापूर्वीच वारली होती. एकाला आई होती पण हाक नव्हती. दुसऱ्याला हाक येत होती पण ती मारायला कोणी नव्हते.

असा तो पंडित घडला. आणि त्याच्या प्रत्येक भाषणानंतर टाळ्या पडत असता मागच्या रांगेत भाच्याच्या मनात एकच विचार घोळे: अर्धे शब्द माझे, टाळ्या मात्र सगळ्या त्याच्या. हा विचार वर्षानुवर्षे त्याच्या पोटात राहिला, आणि पोटात राहिलेली गोष्ट आंबते.

दर्पणाचे नियम ठरवताना ती बाहेर आली.

नियम साधे होते. एकाने खुर्चीत बसायचे. इतरांनी त्याचे दोष तोंडावर सांगायचे. त्याने खुलासा करायचा नाही, वाद घालायचा नाही. केवळ एक ठरलेला शब्द उच्चारायचा आणि मगच खुर्ची सोडायची. पंडित म्हणाला, "धन्यवाद. एवढंच पुरे."

"धन्यवाद कोरडा वाटतो," भाचा म्हणाला. त्याचा स्वर इतका सहज होता की त्याचे त्यालाच नवल वाटले. "दुकानदारही म्हणतो धन्यवाद. 'आभारी आहे' म्हणू या."

"मी आभारी आहे," बाईंनी म्हणून पाहिले. "छान वाटतं."

"बाई, 'मी' नको. हा कार्यक्रमच मुळी 'मी' सोडायला शिकवणारा. मग वाक्याची सुरुवात 'मी'ने कशाला? नुसतं 'आभारी आहे'."

"क्या बात है!" कप्तानाने टेबलावर थाप मारली. "पंडिताचा भाऊ शोभतोस!"

बाईंचे तर डोळे भरून आले. पंडित खिडकीतून खाली पाहत होता. 

घरी जाताना बसथांब्यापाशी त्याने भाच्याची बाही धरली. "तुला विसर पडला का रे?"

"कशाचा?"

"त्या शब्दाचा. नुसता तो. पुढे काही नाही, मागे काही नाही."

"अरे देवा!" भाच्याने कपाळावर हात मारला. "बोलण्याच्या भरात राहूनच गेलं बघ!"

"बदल तो. तू सुचवलास, तूच बदल. मी म्हटलं तर कारण विचारतील, आणि मला कारण सांगायचं नाही. कोणालाच नाही. तुला कळतंय ना?"

"वेडा आहेस का? उद्या सकाळीच बाईंना सांगतो."

पंडिताचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याने भाच्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बस येईपर्यंत तो तेथून काढला नाही. तो हात भाच्याला जड वाटला, नाही असे नाही. तथापि दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंना भेटला, त्यांच्याबरोबर चहा घेतला, खुर्च्या कशा मांडाव्यात यावर बोलला आणि परतला. पंडिताने डोळ्यांनीच विचारले. भाच्याने मान हलवली. झाले, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

त्यानंतर चाचणीचा दिवस उजाडला. खोलीच्या मधोमध हातांची लोखंडी खुर्ची ठेवली होती, जिचा एक पाय आखूड असल्यामुळे बसणारा किंचित डुले. पंडित आपण होऊन प्रथम बसला. भीती नसलेला माणूस बसतो तसा बसला.

चष्मा म्हणाली, "तू बोलतोस छान, पण साधं बोलत नाहीस. मला नेहमी वाटतं, हा काहीतरी लपवतोय."

कप्तान म्हणाला, "राग नको धरू हां. पण मीटिंगला तू कधी 'आपण' म्हणून सुरुवात करत नाहीस. 'सगळे मिळून', 'समस्त मंडळी'! आमच्यात बसायला कमीपणा वाटतो का रे तुला?"

पंडिताने मान खाली घातली. मग सर्वांनी भाच्याकडे पाहिले.

"तो मदत घेतो," भाचा म्हणाला, "पण कोणाची घेतली ते सांगत नाही."

पंडिताने चमकून वर पाहिले. मग तो स्पष्ट म्हणाला, "धन्यवाद."

"फाऊल!" कप्तान ओरडला.

"अहो, धन्यवाद नाही," बाई हसून म्हणाल्या. "आपण ठरवलंय ना? आभारी आहे."

त्या क्षणी पंडिताला सारे कळले. त्याने भाच्याकडे पाहिले. ती नजर रागाची असती तर भाच्याला सोपे गेले असते. पण ती वाट पाहणारी नजर होती. अजूनही हा काहीतरी शब्द काढून देईल, वर्षानुवर्षे देत आला तसा, अशी ती वाट पाहत होती. भाच्याने बुटाची नाडी सैल झाल्याचे निमित्त करून खाली वाकून घेतले.

"मी आभारी आहे," पंडित म्हणाला.

"'मी' नको ना पण!" आता चष्माही हसली. "नियम म्हणजे नियम, पंडित!"

पंडिताने तोंड उघडले. तोंड उघडेच राहिले. जबडा खाली ओढला गेला, मानेची शीर फुगून वर आली, पापण्या फडफडल्या, आणि त्या उघड्या तोंडातून श्वाससुद्धा बाहेर येईना. कप्तानाला ती नक्कल वाटली. तो खो खो हसत सुटला. "बाई, घास भरवा त्याला!" खुर्चीचा आखूड पाय जमिनीवर टक् टक् वाजू लागला.

"राग आलाय का?" बाई मायेने पुढे झुकल्या. "येतो. टीका झोंबते. पण म्हटल्याशिवाय उठायचं नाही हं. घाई नाही, आम्ही थांबतो. दीर्घ श्वास घ्या."

आणि ते थांबले. हसू ओसरले, कारण ही नक्कल नव्हे हे हळूहळू प्रत्येकाच्या ध्यानी आले. परंतु ध्यानी आल्यावरही कोणी 'राहू दे' म्हणाले नाही. प्रत्येकाला वाटले, दुसरा म्हणेल. बाईंना वाटले, यातूनच याचे भले होईल. भाच्याला एवढेच म्हणायचे होते की, बाई, धन्यवाद चालेल. ते वाक्य त्याच्या ओठांपाशी होते आणि त्याच्या जिभेला कसलाही अडथळा नव्हता. तो मूग गिळून बसला.

"आ... आ... आ..." शेवटी पंडिताच्या तोंडून फुटले, आणि हनुवटीवर ओघळलेली लाळ पुसत त्याने बाकीचे अक्षर अक्षर ढकलून बाहेर काढले. "भारी... आहे."

"शाब्बास!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सर्वांनीच वाजवल्या. पंडिताला आयुष्यात अनेकदा टाळ्या मिळाल्या होत्या. पण अशा कधीच नाही.

यथाक्रम भाचा खुर्चीत बसला. दोघांनी काहीबाही किरकोळ दोष सांगितले. पंडिताची पाळी आली. भाच्याला वाटले, आता हा सारे सांगणार. पंडित भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"हा फार चांगलं ऐकतो," पंडित म्हणाला. "लहानपणापासून माझा प्रत्येक शब्द याने ऐकलाय. कुठला अडतो, तोही."

खोलीत कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. चष्मा म्हणाली, "हा काय दोष झाला?"

"आभारी आहे," भाचा म्हणाला. शब्द इतका सुरळीत बाहेर पडला, जणू तेल लावून ठेवला होता.

बाईंनी त्याच दिवशी निवड जाहीर केली. "ज्याला टीका ऐकून इतक्या सहज आभार मानता येतात," त्या म्हणाल्या, "त्यानेच हे शिकवावं." पंडिताकडे वळून त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अहंकार जायला वेळ लागतो."

आठवडाभरात विद्यापीठाने पंडित हे नाव टाकून दिले. कप्तान जिन्यात भेटला की दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखे तोंड वासून दाखवी, आणि पोरे मागून म्हणत, "ए, आ आला!" पंडिताने मंडळाचा राजीनामा दिला. घरी तो बोलेनासा झाला. पाणी हवे असले की मामीच्या मागे जाऊन उभा राही, ती वळेपर्यंत.

"हल्ली मातोश्री म्हणूनसुद्धा हाक मारत नाही रे," मामीने एकदा भाच्यासमोर ताट ठेवता ठेवता विचारले. "तुझ्यापाशी काही बोलला का?"

"नाही मामी. अभ्यासाचा ताण असेल."

"तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ. लहानपणापासून तूच सांभाळलंस त्याला. आणखी वाढू?"

"वाढ," भाचा म्हणाला, आणि जेवला.

पुढच्या शैक्षणिक सत्रात कार्यक्रम सुरू झाला. आता भाच्याला लोक सर म्हणू लागले होते. एका महाविद्यालयाच्या सभागृहात त्याने गोल मांडून घेतला, मध्ये खुर्ची ठेवली, नियम समजावून सांगितले. मंडळी जागेवर बसत असता एक सडपातळ मुलगी त्याच्या जवळ आली. नाट्यमंडळाची सचिव होती. तिने ओढणीचे टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळले होते.

"सर, मी 'धन्यवाद' म्हटलं तर चालेल?"

त्याने तिच्या गळ्याकडे पाहिले. ती शीर त्याच्या ओळखीची होती. कृतज्ञ, ऋणी, उपकार झाले. एकामागून एक शब्द त्याच्या जिभेवर आपोआप येऊन उभे राहिले, शाळेच्या वाटेवर येत तसे. यातला एक जरी दिला असता, तर मग पहिल्या खुर्चीच्या वेळी का दिला नाही, हे त्याला स्वतःला विचारावे लागले असते. त्याने ते सर्व गिळले.

"नाही," तो म्हणाला. "शब्द ठरलेला आहे."

मुलीने ओढणीच्या टोकाचा आणखी एक वेढा बोटाला घातला.

"तुम्हीच पहिल्या या," भाचा म्हणाला, आणि त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.