पाणी बदललंस का?

वाडग्याच्या तळाशी मोहरीहून बारीक एक काळा ठिपका होता, आणि गौरीने बोट बुडवण्याआधीच तो किंचित सरकल्यासारखा वाटला — पाण्यामुळे असेल, किंवा ट्यूबलाइटमुळे, किंवा उगीच... सकाळी डोळे अजून नीट उघडलेले नसतात. तिने वाडगा खिडकीशी नेला. चिनी मातीचा, पांढरा, जाड बुडाचा. सापाने अंग टाकलं तरी कलंडू नये म्हणून क्षितिजने मुद्दाम नागपूरहून आणलेला. ठिपके बरेच होते. बहुतेक नुसते पडून होते. एक चालत होता, पाण्याखाली चालता येईल तेवढं.

कालपासून साप पाण्यातच बसून होता. तिला वाटलं होतं, उकाडा. यवतमाळच्या वैशाखात माणसांनाही टाकीत उतरून बसावंसं वाटतं. आता पेटीतल्या वर्तमानपत्रावर तो वेटोळं घालून, हनुवटी स्वतःच्याच अंगावर टेकवून, तिच्याकडे बघत होता किंवा बघत नव्हता. सापाचं ते कधी कळत नाही, आणि हल्ली तिला नेमकं तेच बरं वाटू लागलं होतं.

साप क्षितिजचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. परदेशी अजगराची लहान जात, कॉलेजात असताना हौसेने घेतलेला, वनखात्याकडे रीतसर नोंदवलेला. बिनविषारी, आळशी, रंगाने भाजक्या विटेसारखा. लग्न होऊन ती बोरी अरबहून या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने तिला या खोलीत आणलं होतं. तिला साप हातात घ्यायला लावलं नाही, फक्त पाणी दाखवलं. नळाचं पाणी थेट द्यायचं नाही, त्याला ब्लीचिंगचा वास असतो; पातेल्यात उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी द्यायचं. वाडगा दिव्याखाली नको, पाणी तापून नासतं. त्याने पाण्यात घाण केली तर नुसतं ओतून भागत नाही, उकळत्या पाण्याने धुवायचं, साबणाचा अंशही मागे राहता कामा नये. मग तिचं बोट धरून त्याने वाडग्याच्या आतून फिरवलं होतं — बघ, बुळबुळीत लागतंय? डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं... आणि तिला वाटून गेलं होतं की जो माणूस सापाच्या पाण्याचा एवढा विचार करतो तो आपला... तो आपला काय? ते वाक्य तेव्हाही तिने पूर्ण केलं नव्हतं. पूर्ण करण्याची गरज वाटली नव्हती.

नंतर तो टोरांटोला गेला. आधी मी जातो, घर बघतो, मग तुला बोलावतो. त्यात खोटं काही नव्हतं. त्या वेळी तो खरंच घर बघणार होता. मग घर मिळालं, मग ते लहान निघालं, मग नोकरी बदलली, मग कागदपत्रं... फोन मात्र येत राहिला. तिकडची रात्र, इकडची सकाळ. पाणी बदललंस का? बदललं. खाल्लं का त्याने? खाल्लं. कात नीट निघाली? निघाली. बरं मग. एकदा तिला दोन दिवस ताप होता आणि तिने ते सांगितलं नाही, विचारतो का ते बघण्यासाठी नव्हे — तेव्हा तसंच वाटलं होतं, आता मात्र नक्की सांगता येत नाही. मी खरंच काही बघत नव्हते का?

तिने वाडगा मोरीत ओतला, उकळतं पाणी घातलं, घासला, पुन्हा उकळतं पाणी. त्याचा फोन आला तेव्हा तिचे हात ओलेच होते. फोन स्पीकरवर टाकून तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"पाण्यात काळे किडे आहेत," ती म्हणाली. "बारीक. आणि तो कालपासून पाण्यातून बाहेर येत नाही."

"अरे देवा! माइट्स. म्हणजे उवाच समज. रक्त पितात. त्यांना बुडवायलाच तो पाण्यात बसतो."

आणि मग तो बोलतच राहिला. पेटी रिकामी कर, कागद जाळून टाक, फटी धू, त्याला कोमट पाण्यात बसव, पण डोक्याच्या वर पाणी नको, थकला की बुडतो, समोरून हलू नकोस, पाणी पुनःपुन्हा बदल... कित्येक महिन्यांत तो इतका बोलला नव्हता. आवाजात काळजी होती, खरी. ती ऐकत राहिली, दूर कुठेतरी चाललेलं व्याख्यान ऐकावं तशी. काळजी कशी असते हे त्याला माहीत आहे, हे तिने त्रयस्थपणे मनात नोंदवलं.

"खरं तर बोलायचंच होतं तुझ्याशी," तो म्हणाला. "नागपूरचा अनिमेष आहे ना, माझा मित्र? त्याच्याकडे दोन आहेत असे. तो न्यायला तयार आहे. या किड्यांचं निपटलं की येईल. तू तरी किती दिवस अडकून राहशील? मोकळी होशील."

"म्हणजे मी तिकडे येतेय?"

फोनमध्ये त्याच्या मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तसं नाही गं. ते... बघू ना."

"बरं."

"रागावलीस?"

"पाणी कोमट करायचंय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

राग आला होता का? तिने शोधून बघितला, खिशातली किल्ली शोधावी तसा. सापडला नाही. मोकळी हा शब्द मात्र खोलीत राहिला होता.

टबात तिने हाताच्या कोपराने पाणी तपासलं आणि साप दोन्ही हातांनी उचलून आत सोडला. त्याने मनगटाभोवती एक सैल वेढा दिला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने पाण्यावर काळे ठिपके तरंगू लागले. पाणी गार होत चाललं होतं, आणि हात सोडवल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.

"आई," तिने हाक मारली, "थोडं गरम पाणी आणता का?"

मंजुषाताई, तिच्या सासूबाई, या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कधी येत नसत. साप आला तेव्हापासून. त्या पातेलं घेऊन आल्या, उंबऱ्याशी थांबल्या, आणि मग पदर खोचून आत आल्या. भिंतीला पाठ घासत, तोंड फिरवून, पण आल्या. पाणी टबाच्या कडेने हळूच सोडलं.

"पोळत तर नाही ना त्याले?"

"नाही."

पातेलं हातात घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"त्याले न्यायले येऊन राह्यले म्हणे. तो अनिमेष."

गौरीने मान वर केली. "तुम्हाला कधी सांगितलं?"

"आठेक दिवस झाले. मी म्हटलं, मले काहून सांगतं? तुही बायको हाय, तिले सांग." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मले सांगाले तोंड नाही झालं, बाई."

म्हणजे आठवडाभर, भाजी निवडताना, कूलरमध्ये पाणी ओतताना, रात्री मालिका बघताना हे त्यांच्या पोटात होतं. गौरीला त्यांचा राग येईल असं वाटलं आणि त्याची तिने वाट पाहिली.

"तू काय म्हटलं मग?"

"अजून काही नाही."

मंजुषाताईंनी पहिल्यांदाच टबाकडे सरळ पाहिलं. सापाने डोकं पाण्याबाहेर काढलं होतं. त्या जरा मागे सरकल्या, पण नजर हटवली नाही.

"तर नाही म्हण ना," त्या म्हणाल्या. "कायले नेते ते त्याले? इथं काय कमी हाय?" आणि मग, जरा थांबून, आवाज खाली आणून, "तो गेला तर तू बी जाशीन."

गौरीने मोकळ्या हाताने टबातलं पाणी हळूच ढवळलं. जायचं म्हणजे कुठे, हा विचार आला आणि पहिल्यांदाच त्यापुढे टोरांटो आलं नाही, बोरी अरबही आलं नाही. नुसती एक रिकामी, उजेडाची जागा आली, आणि तिला भीती वाटली नाही. नाही म्हण. किती दिवसांत हा शब्द आपण वापरलेला नाही... त्याला म्हणता येईल, अनिमेषला म्हणता येईल, समोर पातेलं धरून उभ्या असलेल्या या बाईलाही म्हणता येईल. तोंडात तो शब्द चक्क चवीसारखा जाणवत होता. कुणाला म्हणायचा, ते तिने अजून ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची घाईही तिला वाटत नव्हती.